केमिस्ट्री घेतलीस, फार्मसीही करायचीय, तर...

अगं, सगळ्यात आधी एक सांगते, म्हणजे डोक्यावरचा निम्मा भार उतरेल. अमेरिकेत फार्म.डी.ला, म्हणजे फार्मासिस्ट होण्याच्या पदवीला जायचं तर केमिस्ट्रीचीच पदवी हवी, असं मुळीच नाही. बऱ्याच फार्मसी स्कूल्सना तर कुठलीच पदवी पूर्ण झालेली लागत नाही. त्यांनी नेमून दिलेले विषय दोन-तीन वर्षांत चांगल्या मार्कांनी झाले की पुरतं. चार वर्षांनी तुझ्या शेजारच्या बाकावर बायोलॉजीवाली असेल, सायकॉलॉजीवाला असेल, आणि पदवी न घेताच आलेलं कुणीतरीही असेल. तेव्हा ‘फार्मसीला जायचंय म्हणून केमिस्ट्री’ असं मामीला (म्हणजे तुझ्या आईला) आणि तिच्या मैत्रिणींना सांगणं आजपासून बंद कर. केमिस्ट्री घ्यायची ती आवडते म्हणून. आणि तुला ती आवडते, हे मला ठाऊक आहे. टायट्रेशनमधल्या फिक्या गुलाबी रंगाचे फोटो रात्री अकरा वाजता आपल्या फार्मासिस्ट ताईला पाठवणारी मुलगी उगाच केमिस्ट्रीत आलेली नसते.

हे इतकं ठासून सांगण्याचं कारण आहे. केमिस्ट्री विभाग तुझ्याकडून जे मागतो आणि फार्मसी स्कूल जे मागतं, ते पहिली दोन वर्षं जवळजवळ सारखं दिसतं. जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक, कॅल्क्युलस, फिजिक्स. त्यामुळे मुलींना वाटतं, दोन्ही आपोआप एकत्र होतंय. तिसऱ्या वर्षी वाटा फुटतात. केमिस्ट्रीला फिजिकल केमिस्ट्री हवी, इनऑरगॅनिक हवी, इन्स्ट्रुमेंटल ॲनालिसिस हवं. यातलं काहीही फार्मसी स्कूल सहसा विचारत नाही. उलट फार्मसीला ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी हवी, मायक्रोबायोलॉजी हवी, स्टॅटिस्टिक्स, इकॉनॉमिक्स, बऱ्याच ठिकाणी पब्लिक स्पीकिंगसुद्धा हवं. त्यातलं फारसं काही केमिस्ट्री विभाग मोजत नाही. तुझा केमिस्ट्रीचा ॲडवायझर तुला पहिली यादी देईल, प्री-हेल्थवाला दुसरी. दोन्ही याद्या समोर ठेवून मधली गाठ बांधायचं काम कुणी करून देत नाही. ते तुलाच करावं लागणार, आणि ते आत्ता, पहिल्या वर्षाच्या हिवाळी सुट्टीतच केलेलं बरं.

आराखडा शेवटाकडून सुरू कर. सगळ्या केमिस्ट्री मेजरमध्ये एकच विषय असा आहे की तो बाकीच्यांचं वेळापत्रक ठरवतो: पी-केम, म्हणजे फिजिकल केमिस्ट्री. त्याच्या आधी कॅल्क्युलसचे दोन भाग लागतात, पुष्कळ ठिकाणी तिसराही, म्हणजे मल्टिव्हेरिएबल. शिवाय कॅल्क्युलसवर आधारलेलं फिजिक्स दोन सेमिस्टर. इथे एक खाच आहे, ती नीट लक्षात घे. फार्मसी स्कूलना साधं, बीजगणितावर चालणारं फिजिक्ससुद्धा बहुतेकदा चालतं, म्हणून प्री-हेल्थवाल्या मुली तेच घेतात. तू त्यांच्याबरोबर गेलीस आणि तुझ्या विभागानं ते धरलं नाही, तर तिसऱ्या वर्षी फिजिक्स पुन्हा. दुसरं म्हणजे पी-केमचा पहिला भाग अनेक विद्यापीठांत फक्त फॉलमध्ये असतो आणि दुसरा फक्त स्प्रिंगमध्ये. एक सेमिस्टर हुकलं की ते वर्षावर जातं. ॲडव्हान्स्ड इनऑरगॅनिक तर काही लहान विभागांत एक वर्षाआडच शिकवतात. कॅटलॉगमध्ये प्रत्येक विषयाखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, कधी शिकवणार आणि आधी काय हवं. ती ओळ वाचायची सवय लाव.

आणि एक प्रश्न तुला कुणीच विचारलेला नसेल, तो मी विचारते: बी.एस. की बी.ए.? बऱ्याच विद्यापीठांत केमिस्ट्रीच्या दोन्ही पदव्या असतात. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या प्रमाणपत्राची बी.एस. सगळ्यात भरगच्च. बी.ए.मध्ये पी-केम बहुधा एकाच सेमिस्टरची असते, वरच्या लॅब कमी असतात, आणि ॲनाटॉमी-मायक्रोबायोलॉजीला मोकळी जागा मिळते. आपल्याकडे ‘बी.ए.’ म्हटलं की मामांना वाटेल पोरीनं सायन्स सोडलं. त्यांना मी समजावीन. फार्मसी स्कूलच्या दृष्टीनं दोन्हींत काडीचाही फरक नाही. माझं मत विचारशील तर पहिली दोन वर्षं दोन्हींना चालतील असे विषय घे, म्हणजे मोठं कॅल्क्युलस आणि मोठं फिजिक्सच घे, आणि निर्णय दुसऱ्या वर्षाच्या शेवटी कर. तोवर तुला कळेल, पुढे रेणू बनवायचे आहेत की रुग्णांना औषध समजावून सांगायचं आहे. पीएच.डी.चा विचार डोकावत असेल तर बी.एस. सोडू नकोस. फार्मसी पक्की असेल तर बी.ए. घेऊन मोकळ्या झालेल्या वेळात बायोकेमिस्ट्रीचे दोन्ही सेमिस्टर कर. मी तरी तेच करायला सांगेन.

दुसरं वर्ष मात्र सांभाळ. ऑरगॅनिकचं वर्ष. ऑरगॅनिकच्या लॅबचे चार तास वेळापत्रकात दिसतात, त्याआधीची प्री-लॅब वही आणि नंतरचा रिपोर्ट दिसत नाही. फिजिक्सलाही लॅब आहे. त्यात तिसरा लॅबचा विषय घालू नकोस, कुणी कितीही म्हणो की ‘होतं गं’. तिसरी जागा स्टॅटिस्टिक्सला दे, चौथी सायकॉलॉजीला. ऑरगॅनिक वाचून येत नाही, हातानं काढून येतं. इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातोय तो बाण रोज कागदावर काढायचा, पुस्तक मिटून. आठवड्यातून एकदा बसून आठ तास करणाऱ्यांपेक्षा रोज पाऊण तास करणारी मुलं पुढे जातात. माझ्या वर्गात हेच पाहिलं, आता आमच्याकडे येणाऱ्या इंटर्नकडूनही तेच ऐकते.

उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजमध्ये ऑरगॅनिक उरकायचा बेत तुझी मैत्रीण सांगत होती ना? तो नको. पंधरा आठवड्यांचा विषय उन्हाळ्यात निम्म्याहून कमी वेळात कोंबलेला असतो, आणि हाच विषय पुढची चार वर्षं तुला लागणार आहे. शिवाय काही फार्मसी स्कूल मुख्य सायन्सचे विषय चार वर्षांच्या कॉलेजातूनच केलेले पसंत करतात. कम्युनिटी कॉलेजला नावं ठेवत नाहीये हं मी. इकॉनॉमिक्स, पब्लिक स्पीकिंग, इंग्लिश कंपोझिशन तिथे खुशाल कर, फी बरीच कमी लागेल. फक्त क्रेडिट तुझ्या विद्यापीठात चढतात का, हे आधी लेखी विचारून घे. हायस्कूलमधल्या ए.पी.च्या क्रेडिटचंही तसंच. कॉलेज ते देतं, पण सगळ्या फार्मसी स्कूल बायोलॉजी-केमिस्ट्रीला ए.पी. धरतातच असं नाही. आणि मायक्रोबायोलॉजी घेताना बघ, नर्सिंगच्या मुलींसाठीचा वर्ग वेगळा असतो. काही स्कूल तो मानतात, काही सायन्स मेजरचाच मागतात. ॲनाटॉमीच्या जागा तर नर्सिंगवाल्यांनी आधीच भरलेल्या असतात, म्हणून रजिस्ट्रेशन उघडेल त्या सकाळी सगळ्यात आधी ती क्लिक करायची.

मार्कांबद्दल एकच गोष्ट, कारण बाकी ओरडायला मामी आहेच. फार्मसीचे अर्ज फार्मकॅस नावाच्या एकत्र व्यवस्थेतून जातात आणि फार्मकॅस तुझे सगळे प्रयत्न मोजतं. तुझ्या विद्यापीठानं ‘पुन्हा घेतला तर जुना ग्रेड विसरू’ असं म्हटलं तरी तिथे जुना ग्रेड विसरला जात नाही, दोन्ही धरतात. म्हणून एखादा विषय हाताबाहेर जातोय असं दिसलं तर मुदतीच्या आत विथड्रॉ कर. ट्रान्सक्रिप्टवर एखादा डब्ल्यू असला म्हणून कुणाचं काही बिघडत नाही. रडत रडत सी-मायनसपर्यंत खेचण्यापेक्षा ते कितीतरी शहाणपणाचं. बहुतेक ठिकाणी सीच्या खालचा ग्रेड त्या विषयासाठी धरतच नाहीत, मग तो ओढून काय मिळवायचं?

आता तू मला परवा जे विचारलंस, की एवढी केमिस्ट्री करून फार्मसीत तिचा उपयोग काय, ते सावकाश सांगते, कारण माझा सगळा जीव यात आहे.

सेफट्रायॅक्झोन हे अँटिबायोटिक आणि कॅल्शियम असलेलं सलाइन नवजात बाळाला बरोबर दिलं, तर दोघांचा मिळून न विरघळणारा क्षार बनतो आणि तो फुफ्फुसांत, मूत्रपिंडांत जाऊन बसतो. अशी बाळं दगावलेली आहेत. एफडीएनं २००७ साली त्याबद्दल इशारा दिला. तू जनरल केमिस्ट्रीत सोल्युबिलिटी प्रॉडक्टची गणितं करत्येस ना, ती ही. ज्या बाळांना शिरेतूनच सगळं पोषण द्यावं लागतं, त्यांच्या पिशवीत कॅल्शियम आणि फॉस्फेट किती घालायचं, कुठलं आधी घालायचं, हेही त्याच धड्यातलं. आमच्याकडे हे रोज तपासलं जातं.

ॲस्पिरिनची विषबाधा झालेला रुग्ण आला की डॉक्टर सोडियम बायकार्बोनेट सुरू करतात. का? लघवी अल्कधर्मी झाली की त्यातलं सॅलिसिलेट आयनच्या रूपात राहतं, आयनला पेशींच्या पडद्यातून परत रक्तात शिरता येत नाही, आणि ते बाहेर पडून जातं. हेंडरसन-हॅसलबाखचं समीकरण पाठ केलेल्या मुलीला हे वाक्य ऐकून कळतं. समजून घेतलेल्या मुलीला ते कुणी सांगावंच लागत नाही.

पेनिसिलिनच्या पोटात चार अणूंचं एक ताणलेलं कडं आहे. चौकोनी, अवघडलेलं, सुटायला उत्सुक. जिवाणूची भिंत बांधणाऱ्या एन्झाइमशी गाठ पडली की ते उघडतं आणि एन्झाइमला कायमचं चिकटतं. ऑरगॅनिकच्या दुसऱ्या सेमिस्टरला ॲमाइड शिकशील तेव्हा माझी आठवण काढ. प्रतिकार करायला शिकलेले जिवाणू नेमकं तेच कडं आधी फोडून टाकतात, म्हणून मग त्यांना अडवणारं दुसरं औषध सोबत द्यावं लागतं. ऑगमेंटिनमध्ये अमॉक्सिसिलिनबरोबर क्लॅव्ह्युलॅनेट असतं, ते याच कामाला.

आणि फेनिटॉइन, फिट्सवरचं जुनं औषध. त्याचा निचरा करणारी यकृतातली एन्झाइम्स नेहमीच्या डोसलाच जवळजवळ भरून गेलेली असतात. त्यामुळे डोस थोडासा वाढवला की रक्तातली पातळी भराभर चढते, माणूस लडखडायला लागतो, डोळे थरथरतात. बायोकेमिस्ट्रीत मायकेलिस-मेंटेनचा वक्र येईल, वर जाऊन सपाट होणारा. त्या सपाट भागात खरी माणसं राहतात, एवढं लक्षात ठेवून तो शीक. इतर बहुतेक औषधं फर्स्ट ऑर्डरनं जातात आणि त्यांची हाफ-लाइफ ठरलेली असते. पी-केमच्या कायनेटिक्सनं ते गणित इतकं अंगवळणी पडतं की फार्मसीच्या दुसऱ्या वर्षात फार्माकोकायनेटिक्सला इतर मुलं घाबरतात तेव्हा केमिस्ट्रीवाल्या शांत असतात. तर ज्या विषयाची फार्मसी स्कूल मागणीच करत नाही, त्याचा उपयोग हा असा.

वेळेचं सांगायचं राहिलं. पदवी संपवून लगेच फार्मसीला जायचं असेल तर अर्ज तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाच्या मधल्या उन्हाळ्यात, जुलैच्या सुमारास फार्मकॅस उघडतं तेव्हा करायचा. अनेक स्कूल जागा भरत जातात तशा बंद करतात, म्हणून लवकर गेलेलं चांगलं. पीकॅट नावाची प्रवेश परीक्षा असायची, ती २०२४ च्या जानेवारीत शेवटची झाली. तिची पुस्तकं कुणी देत असेल तर घेऊ नकोस. शिफारसपत्रं लागतात. एक तुला शिकवलेल्या सायन्सच्या प्रोफेसरचं आणि एक जमल्यास फार्मासिस्टचं. फार्मासिस्टचं मी देऊ शकत नाही, नात्यातलं चालत नाही. म्हणून दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात फार्मसी टेक्निशियनचं काम धर. राज्याकडे नोंदणी करावी लागते, ती अवघड नाही. दुकानाच्या काउंटरवर उभं राहून इन्शुरन्सनं नाकारलेलं औषध एखाद्या आजीला समजावून सांगायचं, फोन वाजतोय, मागे गाड्यांची रांग लागलीय. ते करून घरी आल्यावरही तुला हे काम हवंसं वाटलं, तर फार्मसी तुझी. नाही वाटलं तर तेही वेळेत कळलं.

पैशांचं मामांशी मी बोलेन, पण तुलाही माहीत हवं. केंद्र सरकारचं ग्रॅड प्लस कर्ज नव्या कर्जदारांना १ जुलै २०२६ पासून बंद; फार्म.डी.सारख्या व्यावसायिक पदवीसाठी सरकारी कर्जाला वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलरची मर्यादा आहे. चार वर्षं पदवी, मग चार वर्षं फार्म.डी., हा आठ वर्षांचा हिशेब मांडूनच पाऊल टाक. काही विद्यापीठांत तीन वर्षांनी फार्मसीत जाता येतं आणि तिथल्या पहिल्या वर्षाचे क्रेडिट पदवीला जोडले जातात. तुमच्याकडे अशी सोय आहे का विचार. यूसीएसएफसारख्या काही ठिकाणी फार्म.डी.च सुट्ट्या न घेता तीन वर्षांत करतात, पण तिथे वर्षभर श्वास घ्यायला फुरसत नसते. पगार चांगला आहे, सरकारी आकडेवारीत २०२३ साली मधला पगार वर्षाला सुमारे १ लाख ३६ हजार डॉलर होता. पण दुकानांची साखळी म्हणजे कायमची नोकरी, हे दिवस गेले. राइट एडसारखी जुनी कंपनी २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली. हॉस्पिटलमध्ये चांगली जागा हवी तर फार्म.डी.नंतर रेसिडेन्सी करावी लागते, म्हणजे आणखी एक-दोन वर्षं.

मामी म्हणत होती, ‘त्यापेक्षा पुण्याला जाऊन बी.फार्म. करून परत ये, स्वस्तात होईल.’ तिला प्रेमानं पण स्पष्ट सांग, की ते इथे चालत नाही. परदेशातून फार्मसी शिकून आलेल्यांना इथल्या परीक्षेला बसायचं तर १ जानेवारी २००३ नंतरची पदवी किमान पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची लागते. आपली बी.फार्म. चार वर्षांची. तिकडे २००८ पासून सुरू झालेला सहा वर्षांचा फार्म.डी. आहे, पण मग वेळ कुठे वाचला? आणि एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर असलेल्या तुझ्या मैत्रिणीला वेगळं सांग: एकविसाव्या वर्षी तिचा तो व्हिसा संपतो, एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो, सरकारी कर्ज मिळत नाही. तिनं वकिलाशी आत्ताच बोलायला हवं. तुझं ग्रीन कार्ड झालंय, म्हणून तुला हे आठवणार नाही, पण तिला कुणी सांगणारं नसेल.

मनात एक भीती आहे तुझ्या, ती तू बोलली नाहीस तरी मला कळली: मध्येच फार्मसी नकोशी झाली तर? तर काय गं. म्हणून तर केमिस्ट्री पूर्ण कर म्हणते. ॲनालिटिकल आणि इन्स्ट्रुमेंटल नीट केलंस, एचपीएलसी स्वतः चालवता आली, तर तुझ्या घरापासून तासाभरात रॉवेला मर्क आहे, न्यू ब्रन्सविकला जॉन्सन अँड जॉन्सन आहे, आणि त्यांच्या आजूबाजूला औषधं तपासणाऱ्या कितीतरी लॅब्ज. उलट फार्मसी केलीस आणि काउंटर नको वाटला, तरी रटगर्स विद्यापीठाची फेलोशिप घेऊन फार्म.डी.ची मुलं त्याच कंपन्यांत जातात. म्हणून तिसऱ्या वर्षापासून एखाद्या प्रोफेसरच्या लॅबमध्ये रिसर्चचे क्रेडिट घे. अर्जासाठी नव्हे, चुकत चुकत एखादी गोष्ट महिनोन् महिने करत राहायला तुला आवडतं का, ते बघायला.

आज एवढंच कर. कॅटलॉग उघड, पी-केमचे दोन्ही भाग कुठल्या सेमिस्टरला आहेत ते लिही, त्यांच्या मागे मागे फिजिक्स आणि कॅल्क्युलस मांडत ये, आणि रिकाम्या राहिलेल्या घरांत ॲनाटॉमी, मायक्रो, बायोकेम बसतात का बघ. तुला जवळच्या वाटतात त्या चार-पाच फार्मसी स्कूलच्या विषयांच्या याद्या त्यांच्या त्यांच्या ठिकाणी जाऊन वाच, कारण प्रत्येकीची थोडी वेगळी आहे आणि दरवर्षी बदलू शकते. कागदावर पेन्सिलीनं मांड, खोडता येईल असं. मांडून झालं की फोटो पाठव. रविवारी माझी ड्यूटी नाही, दुपारी फोन करते, तेव्हा दोघी मिळून बघू.